घरटी एक दाढ

३ नोव्हेंबर, सोमवार
ऑफिसात सर्क्युलर फिरलं. विमा कंपनी बदलली. आतापर्यंत अख्ख्या घराचे दात पॉलिसीत होते. आता घरटी वर्षाला एकाच माणसाची एकच मोठी ट्रीटमेंट. नाव आधी कळवायचं, मंजुरी आली की पंधरा दिवसांत काम उरकायचं, नाहीतर त्या वर्षापुरता हक्क गेला. आमच्या स्टोअरमध्ये नुसता गलका. मी शांत. जुनी पॉलिसी चार वर्षं होती, मी एकदाही वापरली नाही. याला संयम म्हणतात.

डावीकडची खालची दाढ चहाने ठणकते. पण ठणकणं वेगळं आणि दुखणं वेगळं.

४ नोव्हेंबर, जेवणानंतर
बायकोचीही उजवी दाढ दुखते. म्हणजे दाढा दोन, हक्क एक. जेवताना जाहीर केलं: तुझं आधी, माझं पुढच्या वर्षी बघू. बायको हातात डाव धरून बघतच राहिली. तिने लगेच भावाला फोन लावला. मेहुणा म्हणाला, दाजी, मानलं तुम्हाला. त्याने मला मानल्याची ही पहिलीच वेळ.

लेक मात्र म्हणाली, बाबा, सुईला घाबरता म्हणून ना? कॉलेजात गेल्यापासून या पोरीच्या जिभेला हाड म्हणून नाही. मी सुईला घाबरत नाही. तोंडात परक्या माणसाने बोटं घातलेली मला खपत नाहीत, एवढंच. हा स्वभाव झाला.

५ नोव्हेंबर
फॉर्मवर बायकोचं नाव घातलं. मोठ्या अक्षरांत, काळ्या पेनाने. सही करताना ऊर भरून आला.

८ नोव्हेंबर, शनिवार
घोटाळा. बायको दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे दाढ दाखवून आली. म्हणते, माझं थांबेल म्हणाल्या त्या, तुमचं आधी होऊ दे. वर एचआरच्या मुलीला परस्पर फोन करून नावही बदलून घेतलं. आजच सुजलाय की तुमचा गाल, म्हणे.

हातातला घास ताटात ठेवला. भीतीने नव्हे. प्रश्न प्रोसिजरचा आहे. फॉर्मवर सही माझी असताना नाव असं फोनवर बदलतंच कसं? सोमवारी त्या मुलीला चांगली खडसावणार.

१० नोव्हेंबर, सोमवार
मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, सर, अभिनंदन, मंजुरी आली. मुदत चोवीस तारीख, संध्याकाळी सहा. आता नाव बदलता येत नाही. मी थँक यू म्हणालो. खडसावायचं राहिलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
पाचची अपॉइंटमेंट होती. पण दुपारी एकदम आठवलं की वॉशरचा स्टॉक बऱ्याच दिवसांत मोजलेला नाही. कोणी सांगितलं नव्हतं, पण जबाबदार माणूस सांगायची वाट बघत नाही. चौदा हजार तीनशे वॉशर. संपले तेव्हा पावणेसात. घरी सांगितलं, ऑडिट निघालं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
गेलो. स्वतःच्या पायांनी गेलो, याची इथे नोंद असावी. जिना चढतोय तोच आतून ते मशीन सुरू झालं. आवाज थेट माझ्या कवटीत. दारावरचा बोर्ड बघितला तर एका बाजूने कललेला. ज्यांना साधा बोर्ड सरळ लावता येत नाही, त्यांच्या हातात दाढ द्यायची? काढता पाय घेतला.

दार उघडताच बायकोने विचारलं, झालं का? तोंडून निघून गेलं, पहिलं सिटिंग झालं. तसं ते अगदीच खोटं नाही. जिन्यात वीस मिनिटं बसलो होतोच.

१६ नोव्हेंबर, रविवार
बायकोने सूप केलं, तेही गाळून. भांडी मला घासू दिली नाहीत. लेक म्हणाली, आ करा, बघू काय केलंय. दातखीळ बसल्याचं नाटक केलं. पोरगी संशयी आहे, कुणावर गेलीय कोण जाणे.

बायकोने सकाळपासून दोन गोळ्या घेतल्या. म्हणते, डोकं दुखतंय. हल्ली हिचं डोकं फार दुखतं. चष्म्याचा नंबर बदलला असणार. मीच घेऊन जाईन तपासायला.

१९ नोव्हेंबर, बुधवार
गालाची पार भाकरी झालीय. ऑफिसात सांगितलं, गांधीलमाशी चावली. शिपाई म्हणाला, साहेब, गेल्या आठवड्यातही हीच माशी होती का? मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

निर्धार: उद्या चार वाजता. सबब नाही. श्वासाचे व्यायाम सुरू केले. चार आत, चार बाहेर. तिसऱ्या फेरीला चक्कर आली.

२० नोव्हेंबर, गुरुवार
३.५०. दुखणं थांबलंय! शरीर आपली दुरुस्ती आपणच करतं, उगाच मध्ये लुडबुड कशाला.
४.१५. सुरू झालं.
४.४०. आता उशीर झाला. दुसऱ्याच्या वेळेची किंमत ठेवावी माणसाने.
घरी: दुसरं सिटिंग झालं. बायको म्हणाली, सुटलात बाई एकदाचे. तिच्या चेहऱ्यावर इतकं हसू होतं की जेवण गेलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार, दुपारी ४
गेटवरून निरोप आला, मॅडम आल्यात. क्लिनिकमधून हिच्या मोबाइलवर फोन गेला होता: साहेब एकदाही आलेले नाहीत, मंजुरी आज सहाला संपते, आज तरी येणार का?

बायको गेटपाशी उभी आहे. खिडकीतून दिसते. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी हे लिहितोय म्हणजे तेवढाच वेळ काढतोय, हे मलाही कळतंय.

त्याच दिवशी, ७.३०
खुर्चीत बसलो. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला. एकशे नव्वद. दहा मिनिटं थांबून पुन्हा. दोनशे चार. म्हणाल्या, आज मी हात लावणार नाही, ही सुजेची औषधं घ्या आणि आधी बीपी दाखवा. घड्याळात सहाला पाच कमी. मी म्हणालो, माझी पूर्ण तयारी होती, बीपीनेच दगा दिला. डॉक्टरीणबाईंनी पट्टा गुंडाळून ठेवला.

मग त्या बायकोकडे वळल्या. म्हणाल्या, ताई, तुमचंच करून घेतलं असतं तर दाढ वाचली असती. आठ तारखेलाच मी सांगितलं होतं, पंधरा दिवसही थांबू नका. आता काढावीच लागेल.

मी म्हणालो, पण तुम्हीच तर म्हणालात ना, हिचं थांबेल? त्या म्हणाल्या, मी? बायको पर्सची चेन लावत होती. ती लागत नव्हती.

येताना ती चार पावलं पुढे. मला फार लाज वाटली. इथे एक कारण लिहायला घेतलं होतं. खोडलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी ९
बायको दाढ काढायला निघाली. रजेचा अर्ज मी काल रात्रीच टाकला होता, शर्टही घातला होता. म्हणालो, सोबत येतो.

चपला घालता घालता ती म्हणाली, नको, तिथे मला तुम्हालाच सांभाळावं लागेल. रागाने नाही म्हणाली. दूध आलं की तापवा, एवढं सांगून गेली.

दूध तापवलं.