दुपारी दोन ते चार

गंजाड,
२ जून २०२४

चि. निलम हिस अनेक आशीर्वाद.

बाबांना काल दवाखान्यातून घरी आणलं. भिंत धरून चालतात, जीभ जड झालीय. पुढचं फोनवर सांगायला धीर होईना, म्हणून लिहितो.

त्या दिवशी ते वाणगावला मिरचीच्या प्लास्टिकच्या मांडवात कामाला गेले होते. दोन वाजता झोकांड्या खात आले. तुझ्या वहिनीला, संगिताला, आईच्या नावानं हाक मारली. ताडी सोडून चार वर्षं झाली, तरी मला दुसरं काही सुचलं नाही. सगळ्या पाड्यासमोर ओरडलो, उतरेपर्यंत झोपा म्हणून पत्र्याच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी लावली. चार वाजता संगितानं उघडलं तर अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाही. तिनंच हंडाभर पाणी ओतलं, रिक्षा आणली. डॉक्टर उष्माघात म्हणाले. कडीचं मी त्यांना सांगितलं नाही.

तू मेंदूचंच शिकतेस. दोनलाच पाणी ओतलं असतं तर बाबा नीट चालले असते का? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

रागावलीस तरी उत्तर धाड.
तुझा विनोददादा

पुणे,
९ जून २०२४

ति. दादास सा. न. वि. वि.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. एक पेशी निरोप म्हणून रसायनाचा बारीक शिडकावा करते, पलीकडची तो झेलते आणि उरलेलं लगेच टिपून घेतलं जातं. बोलणं, चालणं, माणूस ओळखणं, सगळं त्यावर. आम्ही इथे उंदराच्या मेंदूची पातळ चकती पाण्यात ठेवून पाणी हळूहळू तापवतो. दोन-तीन अंश वाढले की निरोप घाईनं सुटतात, उरलेलं वेळेवर टिपलं जात नाही, नुसता गोंधळ होतो. आणखी तापलं तर पेशी मरतात. तोल सांभाळणाऱ्या तर फारच नाजूक. बाहेरून बघणाऱ्याला माणूस प्यायलेलाच वाटतो.

तू विचारलंस म्हणून सांगते. हो, फरक पडला असता. किती, ते कुणालाच सांगता येणार नाही.

आता माझं ऐक. सव्वादोनला बाबांनी मला फोन केला होता. त्या खोलीतूनच असणार. आई वरोरहून मासळी घेऊन आली का, असं विचारत होते. आईला जाऊन सहा वर्षं झाली. मी तेव्हा त्या पाण्याचं तापमान लिहून घेत होते. मलाही ताडीच वाटली. नंतर बोलू म्हटलं, फोन ठेवला आणि तुलाही कळवलं नाही. अंग तापलं की माणूस असा प्यायल्यासारखा वागतो, हे तुला माहीत नव्हतं, दादा. मला माहीत होतं.

वहिनीला नमस्कार. तिच्यासमोर कोणत्या तोंडानं यायचं, कळत नाही.
तुझी निलम

गंजाड,
१६ जून २०२४

चि. निलम हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. कडीचंही सांगितलं. त्या दुपारचं काहीच आठवत नाही म्हणाले. मग एकेक शब्द जुळवत विचारलं, की ते प्यायले नव्हते हे आता आम्हा दोघांना पटलं ना.

मी पाय धरले आणि हो म्हटलं. संध्याकाळी ज्यांच्यासमोर ओरडलो होतो, त्यांच्या घरोघर जाऊन तेच सांगून आलो.

तुझ्या वतीनंही मी हो म्हणणार होतो. त्यांनी नको म्हणून मान हलवली. तुझ्या तोंडून ऐकायचंय त्यांना. शनिवारी ये. संगितानं तुझं अंथरूण आतापासूनच उन्हात टाकलंय.

आपल्या घरची माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझा विनोददादा