नऊ पायऱ्यांचा जिना

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
पदव्युत्तर परीक्षा विभाग,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

अर्जदार : परीक्षा क्रमांक २३१, द्वितीय वर्ष, रंगमंच, चित्रपट व आलेखन संकल्पन विभाग.

विषय : अंतिम प्रकल्पातील जिना "विद्यार्थिनीच्या हातचा नाही" या निर्णयाचा फेरविचार होऊन मला पुन्हा प्रात्यक्षिक परीक्षेस बसू देण्याबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र क्र. परीक्षा/पप/४१७
२) चौकशी समितीचे इतिवृत्त, पान ३ व ४

महोदय,

संदर्भ क्रमांक एकचे पत्र मला सोमवारी मिळाले. पहिल्यांदा वाचले तेव्हा ते दुसऱ्या कोणाचे असावे असे वाटले, म्हणून परीक्षा क्रमांक ताडून पाहिला. क्रमांक माझाच आहे. तेव्हा खालील हकीकत आपल्यापुढे ठेवणे भाग आहे.

१. नेपथ्याच्या अंतिम परीक्षेसाठी मी नऊ पायऱ्यांचा लाकडी जिना उभा केला. नाटकात एका घरातले दोन भाऊ तो वापरतात आणि तिसऱ्या अंकात, भर उजेडात, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तो मधोमध दुभंगून दोन बाजूंच्या भिंतींना जाऊन टेकतो. त्याला आठ सेकंद लागतात. त्या वेळी आवाज होता कामा नये, कारण धाकटा भाऊ तेव्हा अगदी हळू बोलत असतो. माझे आराखडे, लहान प्रतिकृती, रंगयोजना व नाटकाचे भित्तिपत्रक यांबद्दल समितीची काही तक्रार नाही. वाद फक्त लाकडाचा आहे.

२. परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक स्वतः जिना चढले. सातव्या पायरीवर त्यांनी दोनदा उडी मारली. मग खाली उतरून, गुडघ्यावर बसून सांधे पाहिले. "हे कोणी केलं?" असे त्यांनी विचारले. मी "मी केलं, सर" म्हटले. ते म्हणाले, "तीस वर्षांत विद्यार्थ्याच्या हातचं असं काम मी पाहिलं नाही." मला ती शाबासकी वाटली. मी आईला फोन करून तसे कळवलेही. ती शाबासकी नव्हती हे इतिवृत्त वाचल्यावर कळले. त्यात लिहिले आहे : "काम अतिशय कसबी असल्याने ते विद्यार्थिनीचे असण्याचा संभव नाही." महोदय, याचा अर्थ, जिना करकरला असता, एखादी पायरी डगमगली असती, तर मी आज उत्तीर्ण असते. चांगले करणे ही चूक असेल तर वाईट कसे करावे हे आमच्या अभ्यासक्रमात कोणत्या सत्रात आहे, तेवढे कळवावे. (हे वाक्य उद्धट झाले आहे. क्षमा असावी. अर्जात खाडाखोड नको म्हणून तसेच ठेवते.)

३. माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून माझ्या वडिलांचे नाव पुढे आले आहे. वडील चौतीस वर्षे नाटकाच्या मंचावर सुतारकाम करत होते. काटकोन तपासायचा गुण्या कायम त्यांच्या कमरेला असे, म्हणून सगळे त्यांना गुण्याकाका म्हणत. काहींना त्यांचे खरे नाव अजूनही माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचे हात कापू लागले. आता चहाचा कप ओठाला लागेपर्यंत अर्धा बशीत असतो. शर्टाची बटणे आई लावते. आई दिवसभर कपड्यांच्या कारखान्यात शिवणकामाला जाते आणि वडील एकटे असताना एकदा न्हाणीघरात पडले, म्हणून मी त्यांना स्कूटरवरून माझ्याबरोबर कार्यशाळेत आणू लागले. कार्यशाळेच्या प्रमुखांनी तोंडी परवानगी दिली होती. ती लेखी घ्यायला हवी होती, ही माझी चूक मला मान्य आहे.

४. अभ्यागतांच्या नोंदवहीत वडिलांच्या सत्त्याण्णव नोंदी आहेत. "येण्याचे कारण" या रकान्यात इतर लोक "भेट" लिहितात. वडिलांनी सत्त्याण्णव वेळा "काम" असे लिहिले आहे. समितीने त्याखाली लाल रेघ ओढली आहे. समितीने त्याच पानांवरील त्यांची सहीही पाहावी, ही विनंती. नोव्हेंबरातली सही वाचता येते. मार्चमधली सही म्हणजे नुसती नागमोडी रेघ आहे. ज्या माणसाला चार इंचांच्या रकान्यात स्वतःचे नाव मावत नाही, तो केसाएवढ्या फरकाने लाकूड कापेल काय?

५. मी काम करत असतानाची एकेचाळीस छायाचित्रे मी सादर केली होती. "छायाचित्रे अस्पष्ट असून व्यक्तीची ओळख पटत नाही" म्हणून ती फेटाळण्यात आली. छायाचित्रे अस्पष्ट आहेत, कारण ती वडिलांनी काढली आहेत. मी करवत चालवत होते, दुसरे कोणी नव्हते, म्हणून मीच त्यांच्या हातात फोन दिला. एकेचाळीसपैकी एकही स्थिर नाही. महोदय, मी याहून मोठा पुरावा कुठून आणू? वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहेच.

६. वडील काय करत होते, हेही लपवत नाही. ते स्टुलावर बसून रागावत होते. "ही बाजू रडतेय, ऐकू येत नाही का तुला?" "रंधा मारतेस की पोळ्या लाटतेस?" "मला काय विचारतेस, लाकडाला विचार." तिसरी पायरी त्यांनी मला अकरा वेळा मोडून पुन्हा करायला लावली. एकदाही चांगले म्हटले नाही. बाराव्यांदा त्यांनी नुसती मान वळवली आणि खिडकीबाहेर पाहिले, त्यावरून मी समजले. आणि एक गोष्ट, जी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. फेब्रुवारीत एके दुपारी त्यांनी माझ्या हातून लाकूड कोरायची पटाशी काढून घेतली. "दे इकडे, मला दाखवू दे." मी नाही म्हणू शकले नाही. पटाशी घसरली आणि चौथ्या पायरीच्या खालच्या अंगाला दोन बोटे लांबीची खोक पडली. त्यांनी पटाशी खाली ठेवली आणि त्या दिवशी ते मला पुन्हा रागावले नाहीत. ती पायरी मी बदलली नाही. त्या जिन्यात वडिलांच्या हातचे जे काही आहे ते एवढेच. कोणीही वाकून पाहावे.

७. आता मुख्य मुद्दा, जो लिहायला तीन दिवस हात धजला नाही.

समितीने वडिलांना जबाबासाठी बोलावले. मला आत बसू दिले नाही. त्या दिवशी आईने कामावर खाडा केला, त्यांची दाढी करून दिली, त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला. वीस मिनिटांनी ते बाहेर आले. दोन वर्षांत प्रथमच पाठ ताठ करून चालताना मी त्यांना पाहिले. स्कूटरवर मागून म्हणाले, "चांगली माणसं आहेत गं तुमची. 'आपण बसा', 'आपण पाणी घ्या'. खुर्ची दिली मला."

मी विचारले, "काय विचारलं, बाबा?"

"विचारलं, एवढा सुंदर जिना कोणी केला."

"मग?"

"म्हटलं, मी."

मी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली. पाय टेकवले. मग विचारले, "आणि मी, बाबा?"

"तू होतीस की मदतीला. सांगितलं मी त्यांना. पोरगी हाताखाली चांगली आहे म्हटलं."

महोदय, त्यांच्या आवाजात खोटेपणा नव्हता. त्यांची स्मृती शाबूत आहे. डॉक्टरांना मी दोनदा विचारले. ते वेडे नाहीत आणि लबाडही नाहीत. दोन वर्षे त्यांना जो तो "काका, बसा", "काका, राहू द्या", "काका, सांडेल" असेच म्हणत आला आहे. त्या खोलीत पाच शिकलेल्या माणसांनी त्यांना त्यांच्या कामाबद्दल विचारले. त्यांनी उत्तर दिले. मी त्यांच्या जागी असते तर वेगळे काय म्हटले असते, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

८. घरी आईला सांगितले तेव्हा ती आधी संतापली. "पोटच्या पोरीच्या तोंडचा घास काढला ह्यांनी! थांब, आत्ता विचारते." ती आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली. वडील शेजाऱ्यांना फोनवर सांगत होते, "लिहून घेतलं माझं, सगळं लिहून घेतलं." आई दारातूनच मागे फिरली. भाजी निवडायला बसली आणि खूप वेळाने म्हणाली, "ह्यांना खोटं पाडून आणलेली पदवी तू भिंतीला लावशील, आणि हे समोरच खुर्चीत बसलेले असतील. जमेल तुला?"

मला जमणार नाही. पण पदवी सोडणेही जमणार नाही. मी तेहतीस वर्षांची आहे. वडील पडले तेव्हा माझे एक वर्ष आधीच वाया गेले आहे आणि अभ्यासक्रमाची कमाल मुदत ३० जूनला संपते. त्यानंतर नियमाप्रमाणे माझा प्रवेशच रद्द होतो आणि एका नाट्यगृहाने नेपथ्य साहाय्यक म्हणून राखून ठेवलेली जागाही जाते. नोकरी सोडून, घरात सगळ्यांची बोलणी खाऊन मी हे शिक्षण घेतले. इकडे आड, तिकडे विहीर हे लहानपणापासून ऐकत आले होते. दोन्हींमधली वाट किती अरुंद असते ते आत्ता कळते आहे.

९. म्हणून माझ्या विनंत्या पुढीलप्रमाणे.

अ) मला नवीन जिना बांधू द्यावा. एकवीस दिवस पुरतील. लाकूड मी आणीन. कार्यशाळेला बाहेरून कुलूप लावावे, फोन काढून घ्यावा, दारावर पहारेकरी बसवावा. समितीतील एखादे सदस्य माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसणार असतील तर उत्तमच. माझ्या प्रत्येक सांध्यावर त्यांनी तारीख टाकून सही करावी. जेवणाच्या सुट्टीत माझे हात मोहोरबंद करायचे असतील तर तेही करावेत. यात मी उपहास करत नाही.

आ) त्या एकवीस दिवसांत वडिलांना कार्यशाळेत येऊ देऊ नये. मात्र तसा आदेश लेखी काढू नये. दुरुस्तीसाठी कार्यशाळा बंद आहे, असे पहारेकऱ्याने त्यांना सांगावे. त्यांच्याशी "आपण" म्हणून बोलावे.

इ) वडिलांचा जबाब खोटा ठरवू नये, त्यावर शेरा मारू नये, त्यांना पुन्हा बोलावू नये. या अर्जातील परिच्छेद चार ते सात समितीने वाचावेत आणि अर्ज बंद पाकिटात ठेवावा.

ई) पहिल्या जिन्यावरचा माझा हक्क मी या अर्जाद्वारे सोडत आहे. संस्थेच्या नोंदीत तो माझ्या वडिलांच्या नावे लिहावा. पुढील महिन्यात विद्यार्थ्यांच्या नाटकात तो वापरला जाणार आहे, असे कळते. तेव्हा पत्रिकेत "जिना" या शब्दापुढे त्यांचे नाव छापावे. गुण्याकाका नव्हे, खरे नाव. ते सोबतच्या चिठ्ठीत स्वच्छ अक्षरात दिले आहे.

१०. शेवटी एवढेच. नवा जिना मी एकटी बांधीन तेव्हा कुठे चुकते आहे हे सांगणारे कोणी नसेल. त्यांच्याशिवाय मी एक साधे स्टूलसुद्धा आजवर पुरे केलेले नाही. मला येते असे मी म्हणत आले आहे. पण ते खरे आहे की नाही, हे समितीइतकेच मलाही पाहायचे आहे. जिना उभा राहिला नाही, तर मला अनुत्तीर्ण करावे, मी दुसरा अर्ज करणार नाही. फक्त लाकडाला हात लावू द्या.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,

(सही)
परीक्षा क्रमांक २३१
दिनांक : २६ एप्रिल

सोबत :
१) वडिलांचे वैद्यकीय प्रमाणपत्र
२) छायाचित्रे, ४१ (सर्व अस्पष्ट)
३) नोंदवहीच्या पानांच्या प्रती
४) नव्या जिन्याचा आराखडा, अकरा पायऱ्या
५) वडिलांच्या नावाची चिठ्ठी

ता. क. : कृपया उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवू नये. टपाल वडील उघडतात. त्यांना वेळ लागतो, पण ते स्वतःच उघडतात. मी रोज सकाळी साडेदहापासून आपल्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसलेली असेन. शिपायाकरवी हाक मारली तरी पुरे.