मधली डबी

तीर्थरूप आईस, लांबूनच पाया पडते.

मी मजेत आहे. खोकला जवळजवळ गेलाय.

धरणाच्या भिंतीवर आम्ही चाळीस डब्या बसवल्यात. प्रत्येक डबी भिंतीतली ओल मोजते आणि आकडा शेजारणीला कळवते, ती पुढचीला, असं करत तो आमच्या खोलीपर्यंत येतो. वायर नाही, मुकादम नाही. वाट त्यांची त्याच शोधतात.

मंगळवारी साहेबांसमोरच सगळ्या गप्प झाल्या. सगळ्यांनी मधल्या एकाच डबीवर भार टाकला होता, आणि ती बॅटरी संपेपर्यंत "ठीक आहे" असंच कळवत राहिली. चूक माझीच. थकल्यावर सांगायचं, हे मी तिला शिकवलंच नव्हतं. साहेब म्हणाले, "वायरी टाकू या." मी म्हटलं, आठ दिवस द्या. आता बॅटरी निम्मी झाली की डबी तसं सांगते आणि शेजारणी काम वाटून घेतात. सोमवारी चालवून दाखवणारच.

तुला दोनदा चक्कर आल्याचं मावशीकडून कळलं. तुझ्या पत्रात सगळं ठीक होतं. डॉक्टर काय म्हणाले? बाबांना चष्मा स्वतः शोधू दे, दादाला इस्त्री करू दे. त्या दोघांना मी वेगळं पत्र टाकलंय. ते तू वाचून दाखवायचं नाहीस.

तुझीच हट्टी,
धाकटी