तलावाकडचं दार

४ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण सकाळी दहा ते संध्याकाळी सहा माझे हात अस्वलाच्या पंजात असतात. तू म्हणाला होतास, रिसॉर्टवर मुलांना रमवायचं, गोष्टी सांगायच्या, गाणी म्हणायची. सांगते, पण लोकरीच्या डोक्याआडून. तोंडाशी दोन बोटं जाळी आहे, तिच्यातून मला मुलांचे फक्त गुडघे दिसतात. आईला सांग, मी वाळले नाही, उकडून निघाले आहे. मुलं मला अस्वलताई म्हणतात. ती गोड आहेत. त्यांचे आईबाप मात्र छत्री ठेवावी तशी त्यांना माझ्या दारात ठेवून जातात.

चेष्टा पुरे. मी चिडले आहे, आणि तुझ्या मित्रावर चिडले आहे. बावीस मुलं आणि मी एकटी. आमच्या खोलीचं मागचं दार थेट पोहण्याच्या तलावावर उघडतं आणि त्याची कडी बसत नाही. मॅनेजरसाहेबांना, म्हणजे तुझ्या मित्राला, मी तीनदा लेखी दिलं. पहिल्यांदा ते म्हणाले बघतो, दुसऱ्यांदा म्हणाले सुतार रजेवर आहे, तिसऱ्यांदा म्हणाले चेहरा हसरा ठेवत जा. दाराला मी खुर्ची लावते, तर मुलं तिची आगगाडी करून घेऊन जातात. तू एकदा त्यांना लिही. तुझा शब्द ते मोडणार नाहीत.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी,
भिंगरी

११ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, दाराचा भाग गाळून. अस्वलावर ती पोटभर हसली आणि मग पंखा पाठवू का म्हणून विचारत बसली.

मित्राला पत्र टाकलं आहे, काळजी नसावी. पण मोठा भाऊ म्हणून एक सांगतो, ऊठसूट लेखी देत सुटू नकोस. मागच्या नोकरीत शाळेच्या जिन्याच्या मोडक्या कठड्यावरून मुख्याध्यापिकाबाईंशी भांडलीस आणि वर्षभर घरी बसलीस. इथे त्याने तुला माझ्या भरवशावर घेतलं आहे. हंगामाचा महिनाच उरला, जरा जुळवून घे.

खुशाली कळवत जा, आमचा जीव तिकडेच असतो.
दादा

१९ मे

दादास,

तीर्थरूप लिहायला आज हात धजत नाही.

काल दुपारी पाहुण्यांची मोठी टोळी आली. तलावावरच्या जीवरक्षकाला मॅनेजरने बॅगा उचलायला पुढे बोलावून घेतलं. मी एकाच्या बुटाची नाडी बांधून उठले आणि मुलं मोजली, तर एकवीस. दार उघडं होतं. पाच वर्षांची एक मुलगी पाण्यात पालथी होती. मी अस्वलाचं डोकं भिरकावलं आणि उरलेल्या अस्वलासकट उडी मारली. लोकर पाणी प्यायली आणि मलाच खाली ओढू लागली. कशी काठाला आले ते आठवत नाही. पाहुण्यांतल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिची छाती दाबली, श्वास दिला. शेवटी ती रडली. हॉस्पिटलात आहे, वाचली आहे.

संध्याकाळी मॅनेजरने मला बोलावलं. कागद तयार होता. दार माझ्या हलगर्जीपणाने उघडं राहिलं, कडीची तक्रार कधीच नव्हती, यावर सही करा म्हणाला. माझे तीन अर्ज कुठे गेले विचारलं, तर असे अर्ज आलेच नाहीत म्हणाला. मी सही करणार नाही म्हटल्यावर त्याने खणातून तुझं पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. तुझं अक्षर मी लांबूनही ओळखते. त्यात लिहिलं होतं, बहिणीला पहिल्यापासून कुरकुरीची सवय आहे, दाराचं फार मनावर घेऊ नकोस, हंगाम तेवढा निभावून ने. वर तो म्हणाला, तुमच्या घरचेच सांगतायत.

त्याचा राग येतो, पण तो परका आहे. तुला मी दाराबद्दल लिहिलं ते तू माझा भाऊ म्हणून. माझ्या शहाणपणाची किंमत तू एका ओळीत शून्य केलीस, आणि ती पोर तुझ्या त्या ओळीतून तलावात गेली. हे मी सौम्य करून लिहिणार नाही.

सही केलेली नाही. लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.

भिंगरी

२६ मे

चि. भिंगरीस,

आशीर्वाद द्यायची माझी लायकी आज नाही. ती ओळ मीच लिहिली. तू पुन्हा घरी बसशील आणि मित्रापुढे माझी मान खाली जाईल, याची मला दारापेक्षा जास्त भीती वाटली.

परवा मी तिकडे येऊन गेलो. तुला भेटायचा धीर झाला नाही. हॉस्पिटलात मुलीच्या वडिलांना तुझं चार तारखेचं पत्र पाकिटासकट दिलं, त्यावर टपालाचा शिक्का आहे. मी मित्राला काय लिहिलं तेही सांगितलं. त्यांनी मला बस म्हटलं नाही. मग आम्ही दोघांनी पोलीस ठाण्यात जबाब दिला. मित्राने फोन करून विचारलं, एका कडीसाठी वीस वर्षांची दोस्ती तोडतोस का. मी हो म्हणालो. आईलाही सगळं सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

परवानगी दिलीस तर रविवारी येतो.
दादा

३ जून

ती. दादास,
शि. सा. न.

मॅनेजरला कामावरून दूर केलं आहे, चौकशी चालू आहे. मागचं दार विटांनी बुजवलं. माझ्या मदतीला दोघी जणी आल्या आहेत. हे सगळं एका दिवसात झालं. म्हणजे एका दिवसाचंच काम होतं, याने मला पुन्हा नव्याने संताप येतो.

काल ती मुलगी आईबरोबर आली होती. अस्वलाला पोहता येतं का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, अस्वलाला नाही, मला येतं. तिने बराच वेळ माझं तोंड निरखून पाहिलं आणि मग माझं बोट धरलं.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. सकाळी दात घासायला उठते तेव्हा तो माझ्याआधी जागा असतो. जबाब दिलास ते बरं केलंस, पण तो पोलिसांना दिलास, मला नाही. रविवारी ये, आईलाही आण. ती ओळ माझ्यासमोर बसून स्वतःच्या तोंडाने म्हण, आणि मग मी बोलेन ते मध्ये न तोडता ऐक. जेवणाची सुटी एकच तास असते. तेवढ्यात माझं बोलणं संपणार नाही, म्हणून मी पूर्ण दिवसाची रजा टाकली आहे.

तुझी,
भिंगरी