भिंगाखालची रिकामी काच

९ जानेवारी
साताऱ्याहून सरांचा फोन. माझं लग्न मोडल्यावर मला पुन्हा कॉलेजात बसवलं, ते सर. विज्ञान दिनाला भाषण दे म्हणाले. जीव कुठून येतो याबद्दलच्या जुन्या कल्पना, आणि सूक्ष्मदर्शकानं त्यांचं काय केलं. "तू रोज तेच बघतेस की." हो म्हणून बसले. मूल न होणाऱ्यांच्या दवाखान्यातल्या लॅबमध्ये दिवसभर तोंड न उघडणारी मी, पोरांपुढे काय बोलणार?
शेजारच्या काकू मुलाकडे पुण्याला. खोलीत टीव्ही नुसता आवाजापुरता.

१२ जाने.
वाचतेय. मजा येतेय खरं तर. चिखलातून बेडूक होतात, कुजक्या मांसातून अळ्या, असं शतकानुशतकं शहाणे लोक मानत होते. आमची आजी म्हणायची, घामातून उवा होतात. तिला हसायचो.
मग तो हॉलंडचा कापडवाला. कापडाचा धागा भिंगातून तपासायची सवय. स्वतःच भिंगं घासली, डबक्याचं पाणी बघितलं, दातातली घाण बघितली. पुरुषाचं बीजही. त्यात शेपटीवाले जीव पोहताना दिसले.

१७ जाने.
आज तपासायला आलेल्या बीजाच्या बाटलीवर नाव वाचलं आणि हात थांबला. विलास. आडनाव तेच, गाव कुंडल. माझा आधीचा नवरा. दुसरी बायको आहे हे कानावर होतं. पोर नाही हे नव्हतं.
काच लावली. काही नाही. दुसरी लावली. यंत्रात फिरवून तळाशी बसलेलं घेतलं, तेही बघितलं. एकही शुक्राणू नाही.
लॅबमधल्या शबानाला म्हटलं, तू बघ गं, माझे डोळे दुखतायत. तिनं निवांत बघितलं. "निल आहे. नेहमीसारखं लिही, परत एकदा मागवू." तिला नातं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? कोणाला?

१८ जाने.
सुट्टी. कृष्णेच्या घाटावर जाऊन बसले. मूल होत नाही म्हणून माझ्या पोटात घातलेली दुर्बीण आठवली. टाक्यांची खूण अजून आहे. सुया, पथ्यं, सासूबाईंचे सोमवार माझ्या नावानं. पाच वर्षं. "जमीनच नापीक, बी काय करंल." वि. तिथंच बसलेला असायचा, मोबाईल बघत. त्याला तपासा असं मी एकदाच म्हणाले होते. ताट भिंतीवर गेलं.
रडू येईल वाटलं होतं. आलं नाही. राग पण…

२६ जाने.
भाषणाचं पुढचं. कापडवाल्यानंतर काही पंडितांना वाटलं, त्या शेपटीवाल्या जीवाच्या डोक्यात आख्खा माणूस बसलेला असतो. एकानं चित्रच काढलं. गुडघे पोटाशी घेतलेला इवलासा माणूस. म्हणजे आई फक्त माती. दुसरा पक्ष म्हणे, नाही, आख्खा माणूस अंड्यात. कितीतरी वर्षं भांडले. दोघांचं मिळून होत असेल हे सहज सुचण्यासारखं. ते पटायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला.

७ फेब्रु.
वि.ची दुसरी बाटली. शबानानंच बघितली, मी मागितली नाही. तेच.
डॉक्टर मॅडमनी नवरा-बायको दोघांना मिळून यायला सांगितलं होतं. आला एकटाच. कानाजवळ पांढरं झालंय. मला बघून काउंटरलाच थबकला.
"तू हितं?"
"इथंच काम करते."
"तू बगितलंस?"
"पहिल्यांदा मी. नंतर दुसऱ्यांनी."
"मशीन चुकत आसंल."
मॅडमकडे जाऊन आला. जाताना हळूच म्हणाला, "घरात बोलू नगं."
"तुमच्या घरात मी कुठं येते बोलायला?"
जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. घरी येऊन भात केला, तसाच राहिला.

१९ फेब्रु.
ती आली. एकटी. वि.ची बायको, कोमल नाव. माझ्याहून पुष्कळ लहान, हातात डब्याची पिशवी, जणू पेशंटला भेटायला आलीय.
"ताई, माझ्यात काय दोष हाय त्यो नीट सांगा की. ह्यांचं चांगलं हाय म्हणत्यात. येत्या सोमवारी मिरजंत दुसऱ्या दवाखान्यात माझी दुर्बीण घालायची हाय."
तिला घेऊन सरळ मॅडमकडे गेले. मॅडमनी तिच्या सगळ्या तपासण्या तिला समजावल्या. सगळं नीट आहे, आत्ता कसल्या ऑपरेशनची गरज दिसत नाही. तिनं नवऱ्याबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, ते त्यांना सांगितलंय, त्यांना घेऊन या, समोर बसून बोलू.
बाहेर आल्यावर माझ्या तोंडाकडे बघत राहिली.
"मग त्यांचं?"
मला सांगता येत नाही. नियमानं येत नाही. शिवाय माझ्या तोंडून गेलं तर ते त्याच्यावरच्या रागापोटी असेल की तिच्या भल्यासाठी, हे मलाच कळेना.
"माझी पण घातली होती दुर्बीण," म्हटलं. "माझ्यातही काही नव्हतं. सोमवारी जाऊ नको."
माझा नंबर दिला. का दिला?

२४ फेब्रु.
सोमवार झाला. काल. फोन नाही. मिरजेच्या त्या दवाखान्यात फोन लावून विचारावं असं आलं मनात. लावला नाही.

२८ फेब्रु., सातारा
भाषण झालं. डोक्यातल्या माणसाच्या चित्राला पोरं खूप हसली. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, आई नुसती माती, असं मानणं बंद कधी झालं?" मी वर्ष सांगायला तोंड उघडलं. मग म्हटलं, पुस्तकात की घरात? कोणी हसलं नाही.
सर खूश. जेवायला थांब म्हणाले. एसटी पकडून आले. वाटेत सगळा रस्ता द्राक्षांचे ट्रक.

२ मार्च
दुपारी अनोळखी नंबर.
"ताई, मी कोमल. सोमवारी मी गेले न्हाई. माहेरी आलीया."
मागं म्हैस हंबरत होती.
"तुमी आदी त्या घरात व्हता न्हवं?"
"व्हय," म्हटलं. कुंडल सोडल्यापासून तोंडात आलं नव्हतं असं व्हय.
"मी येऊ तुमच्याकडं? आज?"
पत्ता सांगितला. पाचच्या गाडीनं येते म्हणाली. खोलीत खुर्ची एकच. पुण्याहून परतलेल्या काकूंकडून दुसरी मागून आणली, दोनदा पुसली. ती विचारेल तेव्हा काय सांगायचं ते अजून ठरलं नाही. चहाचं पाणी ठेवलंय