तिसरा इंजेक्टर

३ जानेवारी, शनिवार

पिंगळीचं रेल्वे फाटक. लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील. मालगाडी संपता संपत नव्हती. चाकू नव्हता म्हणून यांनी पेरू गुडघ्यावर फोडला आणि मोठा तुकडा स्वतःकडे ठेवला. मी रुसले. फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी हे आपल्या तुकड्यातला अर्धा मला तोडून देत बसले होते. बाकी काही घडलं नाही त्या दिवशी. आज का आठवलं, कोण जाणे.

आज यांना परभणीला नेताना आमची गाडी मानवतच्या अलीकडे बंद पडली, मीच चालवत होते. आधी काळा धूर, मग सगळी थरथर. एका ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधून पाथरीला परत आणून सोडलं. परभणीचा व्यायाम चुकला. अर्धांगवायूने यांची उजवी बाजू आणि वाचा गेली त्याला पाच महिने झाले, आणि गेल्याच आठवड्यात यांच्या उजव्या हाताचा अंगठा हलला होता. डॉक्टर म्हणाले होते, आत्ताचे महिने पुन्हा मिळायचे नाहीत, खंड पडू देऊ नका.

५ जानेवारी, सोमवार

आजही चुकला.

जीपची पायरी यांना चढवत नाही. बसचं तर नावच नको. मागे एकदा भाड्याची गाडी केली होती, तेव्हा वाटेत यांचे कपडे ओले झाले. ड्रायव्हरने फक्त चारही काचा खाली केल्या. तेव्हापासून परक्या गाडीचं दार दिसलं की हे चौकट धरून ठेवतात, सुटत नाही.

परभणीच्या गॅरेजला फोन केला. ते म्हणाले, इंजिनात डिझेल फवारणारे चार इंजेक्टर असतात, ते बिघडले असतील. काढून नांदेडला पाठवावे लागतील, पंधरा दिवस धरा. पंधरा दिवसांत अंगठ्याचं काय होईल, हे त्यांना कसं विचारू?

पुण्याहून मीराचा फोन. "आई, विक ना ती गाडी. तुम्ही दोघं इकडे या." तिच्या आवाजात राग नाही. तोच असता तर बरं झालं असतं.

६ जानेवारी, मंगळवार

यांचं दुकान उघडलं. डिझेल पंपांची दुरुस्ती, चाळीस वर्षं. इंजेक्टरच्या टोकाचा नोझल तपासायचं, हाताने दाबायचं यंत्र तसंच आहे, जुन्या धोतराखाली झाकलेलं. वहीत गाडीच्या पानावर यांचं अक्षर: 'तिसरा कमजोर. नोझल बदलणे.' खणात नवा नोझल, तेलकट कागदात. आणून ठेवला होता आणि राहून गेलं.

काढू का मी? पाने-पकड हातात द्यायला यांच्याजवळ इतकी वर्षं उभी राहिले आहे. फवारा अत्तरासारखा पडला पाहिजे, थेंब गळता कामा नये, आणि फवाऱ्यापुढे हात कधीच धरायचा नाही, एवढं येतं. बाकीचं येत नाही.

गफूरभाईंना विचारलं. हे आणि ते एकाच उस्तादांकडे शिकले. आता मोतीबिंदूमुळे काम सोडलंय. "भाभी, तुमी नका हात लावू. केसाएवढी घाण गेली तरी गेलं समजा. माझं ऑपरेशन होऊ द्या, मी येतो." ऑपरेशन कधी? तारीख मिळालेली नाही.

८ जानेवारी, गुरुवार

केलं. तिसरा काढला. तासभर लागला. चारही नळ्यांना चिठ्ठ्या बांधल्या, एक ते चार, मिशनच्या शाळेत सिस्टरांनी शिकवलेल्या अक्षरात. उगीच अभिमान वाटला.

यांना अंगणात खुर्चीवर बसवलं होतं. इंजेक्टर दाखवला. "हा बघा तुमचा तिसरा." यांनी डाव्या हाताची दोन बोटं वर केली. पाणी दिलं, प्यायले नाहीत. पुन्हा दोन बोटं. दोन नंबरला जायचंय असं वाटून आत नेलं, तर तेही नाही. शेवटी मान फिरवून बसले. मी म्हटलं, दमलात.

जुना नोझल तारेच्या ब्रशने घासून लख्ख केला. असू दे जवळ, अडीअडचणीला.

९ जानेवारी, शुक्रवार

बसवला. गाडी चालू झाली. तोच धूर, तीच थरथर. रत्तीभर फरक नाही.

हात धुतले. डिझेलचा वास साबणाने जात नाही, पिठाला लागतो. आज पोळ्या यांनी खाल्ल्या नाहीत, मी पण.

११ जानेवारी, रविवार

गफूरभाई नातीचा हात धरून आले. रागावले नाहीत. चिठ्ठ्या बोटांनी चाचपल्या, नातीला कुठला आकडा कुठे आहे ते विचारलं.

"भाभी, एक नंबर इकडून कशाला?"

डावीकडून, म्हटलं. डावीकडूनच ना?

"उस्ताद उर्दू शिकलेले. लिहायचे उजवीकडून, मोजायचे बी उजवीकडून. आमी दोघं जन्मभर तसंच मोजलं. तुमचा तिसरा म्हणजे याचा दुसरा की."

दोन बोटं.

हे अंगणातच होते, सगळं ऐकत. मला यांच्याकडे बघवेना. गफूरभाईंनी जुना नोझल मागितला. अंगठ्याने टोक चाचपलं. "बुरूश मारला का हो याला?" हो म्हटलं. "भोकं खराब झाली की," म्हणत त्यांनी तो कागदात गुंडाळून परत दिला. म्हणजे चांगल्याला नवा लागला, चांगला जुना वाया गेला, आणि कमजोर तसाच आत आहे. या गाडीचे नोझल आता बनत नाहीत. नांदेडला कुणाकडे पडून असला तर बघतो म्हणाले. म्हणायचं म्हणून.

ते गेल्यावर यांच्यापुढे बसले. "चुकलं माझं." यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. तो तर आधीपासूनच चांगला आहे.

१४ जानेवारी, बुधवार

व्यायाम पाच वेळा चुकला. अंगठा आत वळलाय. तेल लावून उघडते, सोडला की पुन्हा मिटतो. वाण द्यायला बायका आल्या होत्या, मी बाहेर गेले नाही.

मीराला हो म्हटलं. रविवारी स्वतःची गाडी घेऊन येते. तिच्या घराजवळ व्यायामाची सोय आहे म्हणे. उशीर झाला नसेल ना, हे तिला विचारलं नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

नांदेडहून गफूरभाईंच्या ओळखीच्याचा निरोप: एक नोझल सापडलाय, पण याच गाडीचा आहे की नाही, बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. बघणार कोण?

मीराने वाचावं म्हणून लिहून ठेवते.

नोझल तपासायचं यंत्र आणि पान्यांची पेटी गफूरभाईंच्या नातीला. तिला आकडे नीट वाचता येतात.

दुकानाची किल्ली शेजारच्या शांताबाईंकडे. मांजर आत जातं, मागची खिडकी उघडी ठेवावी.

यांची वही मीराकडे. पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहिलंय, उजवीकडून मोजावं.

गाडी गफूरभाईंना. भंगारात घालायची नाही, एवढी एकच अट. कधी सुरळीत चालू झाली तर फोन करावा, पण बोलू नये. फोन इंजिनाजवळ धरावा. मी तो यांच्या कानाला लावीन.