खुंटीवरचा घुंगूर

मोशी, शुक्रवार, १८ नोव्हेंबर १९५५

आज आईनं खंड्याच्या गळ्यातला घुंगूर सोडून खुंटीला अडकवला. का, ते सांगेना.

आमचा हा कुत्रा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, चौदा वर्षांचा. आता त्याला दिसत नाही. परवा दूध ओतताना त्यानं माझ्याच हाताला दात लावला आणि मी मूर्खासारखी रडत आबांना हात दाखवला. दाखवायलाच नको होता.

संध्याकाळी आबा म्हणाले, "उद्या चाकणच्या बाजाराला गाडी जायाचीच हाय. खंड्याला बी नेतो, जनावरांच्या डाक्टरला दावतो."

"मी पण येते."

"न्हाई. तू शाळंला जा." बोलताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

डाक्टरकडे न्यायला घुंगूर कशाला सोडायचा? गेल्या वर्षी कपिला गाईला बाजारात नेलं, तेव्हाही आईनं आदल्या दिवशी तिचा घुंगूर काढून ठेवला होता. विकलेल्या जनावराबरोबर घरचा घुंगूर जाऊ द्यायचा नसतो, म्हणाली होती.

मी तो गुपचूप खंड्याच्या गळ्यात परत बांधला. जेवून येऊन बघते तर पुन्हा खुंटीला.

पण आंधळं, म्हातारं कुत्रं विकत कोण घेतं?